मोटरहोममध्ये हवेचं प्रेशर टिकत नाही? आधी एवढंच बघा

घाबरू नका, बहुतेक वेळा एखादं छोटं फिटिंग गळत असतं. नवीन माणूस लगेच कॉम्प्रेसर बदलायला निघतो, ते अजिबात करू नका. आधी डॅशबोर्डवरची हवेच्या प्रेशरची दोन्ही गेज बघा, ब्रेक हवेवर चालतात आणि दोन ब्रेक सर्किटच्या हवेच्या टाक्या वेगळ्या असतात, त्यामुळे एकच काटा पडत असेल तर अर्धं शोधकाम तिथेच झालं.

- सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावा, प्रेशर १२० पीएसआयच्या (गेजवरचं प्रेशरचं माप) आसपास भरू द्या, मग इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडा आणि काटे बघत बसा. मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहेच. पेडल दाबून धरल्यावरच उतरत असेल तर ब्रेक चेंबरकडे (चाकाजवळचा, हवेच्या जोराने ब्रेक लावणारा डबा) बघा.
- साबणाचं पाणी जॉइंटवर आणि टाकीखालच्या ड्रेन व्हॉल्व्हवर मारा, बुडबुडे येतील तिथे गळतंय. ड्रेन व्हॉल्व्ह आधी बघा, तिथे कचरा अडकतो.
- टाकी भरल्यावर एअर ड्रायर (हवेतला ओलावा काढणारा भाग) एकदा फुस्स करतो ती गळती नाही, ओलावा बाहेर टाकतोय.

आणि हे कळकळीने सांगतो, नुसत्या एअरबॅगवर (सस्पेन्शनच्या हवेच्या फुग्यांवर) उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, हवा गेली की गाडी एकदम खाली बसते. चेसिसला पक्के स्टँड लावूनच. लो एअरचा बझर वाजत असेल तर गाडी हलवायची नाही. लेव्हलिंग व्हॉल्व्ह (एअरबॅगमधली हवा कमी-जास्त करून गाडीची उंची राखणारे) वगैरे आत्ता राहू द्या, आधी कुठला काटा पडतोय ते सांगा.