गोळ्या नीट चालू आहेत, मग डोळ्याला काय झालं?

"ताई, एकही गोळी चुकवली नाही, व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण) पण सापडत नाही इतका कमी आलाय, मग डोळ्यापुढे धूर का दिसतोय? एचआयव्ही डोळ्यात गेला का?" असं बरेच जण घाबरून विचारतात, म्हणून एका भाऊंचं सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तीन आठवडे एका डोळ्याने धूसर, मधेच काळे ठिपके तरंगायचे आणि कानात सारखं गुणगुणणं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले, थेंब मिळाले, फरक काही नाही, कारण एचआयव्ही आहे हे तिथे सांगितलंच नव्हतं. मी रागावले नाही, दर वेळी नवीन माणसाला सांगायचं आणि त्याचा चेहरा बदलताना बघायचा, हे सोपं नसतं हो.

बोलता बोलता त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तळहातावर तांबूस डाग दिसले. खाजत नाहीत, दुखत नाहीत, उष्णता असेल म्हणून सोडून दिलेलं, तळपायावर पण तेच. रोग ओळखणं माझं काम नाही, पण असे डाग म्हणजे सिफिलिसची, सेक्समधून पसरणाऱ्या एका आजाराची, टेस्ट व्हायलाच हवी एवढं मला कळतं. बऱ्याच वेळाने, खाली बघत म्हणाले, दोन-अडीच महिन्यांपूर्वी लघवीच्या जागी एक जखम झालेली, दुखत नव्हती, आपोआप भरली.

व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह आली! त्यांचा जीव भांड्यात पडला, पण डॉक्टरांना पटेना, त्यांनी लॅबला तेच रक्त पातळ करून परत लावायला सांगितलं. रक्तात अँटिबॉडी खूपच जास्त असल्या की ही टेस्ट कधीकधी फसते, त्याला प्रोझोन म्हणतात. परत लावल्यावर रिपोर्ट आला 1:256, म्हणजे रक्त 256 पट पातळ केलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह.

म्हणजे धूर सिफिलिसचा होता. लोकांना वाटतं हा आजार डोळे, कान, मेंदूपर्यंत जायला वर्षं लागतात, तसं नाहीये, तो सुरुवातीलाच जाऊ शकतो आणि एचआयव्ही असेल तर जास्तच लक्ष ठेवावं लागतं. व्हायरल लोड सापडत नसेल तर सेक्समधून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही हे खरंच आहे, पण सिफिलिसला त्या गोळ्या अडवत नाहीत, तो वेगळा जंतू आहे.

डोळ्यात गेलेल्या सिफिलिसला कमरेतलं एक इंजेक्शन पुरत नाही, ॲडमिट होऊन 14 दिवस शिरेतून पेनिसिलिन घ्यावं लागलं. पहिल्याच रात्री थंडी वाजून ताप आला आणि मला फोन, "ताई, औषध सोसत नाहीये, बंद करायला सांगू का?" म्हटलं आधी सिस्टरला सांगा, स्वतःहून काही बंद करू नका. जंतू झपाट्याने मरायला लागले की पहिल्या 24 तासांत असा ताप येऊ शकतो, त्यांचा सकाळपर्यंत उतरला.

सहा महिन्यांनी व्हीडीआरएल 1:16 आली. सिफिलिसची दुसरी टेस्ट, टीपीएचए, ती बरं झाल्यावरही बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते, म्हणून तिच्यावरून घाबरायचं नाही, व्हीडीआरएलचा हा आकडा उतरतोय ना ते बघायचं, आणि परत चढला तर परत लागण झाली का हे तपासायचं, कारण हा आजार पुन्हा होऊ शकतो.

डोळा निवळला, कानात थोडं गुणगुणतं अजून. परवा जोडीदाराला टेस्टसाठी स्वतः घेऊन आले, आणि आत डॉक्टरांना सांगताना एचआयव्हीपासून सुरुवात केली.