कार्ड पाकिटात, उपकेंद्र गावात: सरकारी आरोग्य योजनांवर तुमचे प्रश्न

सरकारी दवाखाना आणि योजनांबद्दल काय अडतंय ते कळवा असं गेल्या वेळी म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच आला. सगळी छापणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. नावं नेहमीप्रमाणे देत नाही.

आमच्याकडे आयुष्मानचं पाच लाखाचं कार्ड आहे. आईला ताप आला म्हणून तालुक्याला प्रायव्हेटमध्ये दाखवलं, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि हातात बिल. कार्ड दाखवलं तर म्हणे हे यात बसत नाही. मग कार्ड काढायचं तरी कशाला?

दादा, चिडणं साहजिक आहे, पण त्या दिवशी हॉस्पिटलवाले खोटं बोलले नाहीत. हे कार्ड ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, तेही यादीतल्या आजारांना आणि योजनेत अंगीकृत असलेल्या हॉस्पिटलमध्येच. नुसती ओपीडी, ताप-खोकला, बाहेरच्या बाहेर केलेली रक्त तपासणी त्यात येत नाही. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान दोन्ही एकत्र चालतात, त्यामुळे अंगीकृत हॉस्पिटलमध्ये शिरलात की आधी आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतीला तिथे बसणारा माणूस) टेबल शोधायचं आणि ॲडमिट व्हायच्या आधी विचारायचं की हे ऑपरेशन, हा आजार यात बसतो का. पैसे भरून झाल्यावर विचारलं तर मग नुसती पळापळ होते.

आता खरी गोष्ट, जी कोणी नीट सांगतच नाही. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं तेव्हा त्याचे भाग दोन होते. कार्डाचा भाग सप्टेंबरमध्ये सुरू झाला, पण त्याच्या आधी एप्रिलमध्येच छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला गावी पहिलं आरोग्यवर्धिनी केंद्र उघडलं होतं. म्हणजे गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हेच जरा वाढवायचं, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसवायचा, औषधं-तपासण्या ठेवायच्या. २०२३ ला त्याचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, तुमच्या गावात बोर्ड बदललेला दिसला असेल. उपकेंद्राच्या यादीत शंभरावर औषधं आणि १४ तपासण्या आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला तिथेच मिळायला हव्यात, आणि गरज पडली तर तिथे बसून ई-संजीवनीवर डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं. आईचा ताप इथला होता. शिवाय आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे (मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं यात धरू नका, ते खातं वेगळं).

माझं मत विचाराल तर आपण सगळे त्या पाच लाखाच्या आकड्यावर भाळलोय. कार्डवाटपाचे फोटो निघतात, बीपीची गोळी वेळेवर मिळाली याचा फोटो कोण काढणार? पण घरातला माणूस पॅरालिसिस होऊन ॲडमिट व्हायचा नसेल तर ती गोळीच लागते, कार्ड नाही.

आशाताई घरी येऊन फॉर्म भरते. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला शुगर आहे का. सासूबाई म्हणतात हिला कशाला सगळं सांगायचं, हिला पगार मिळतो म्हणून विचारते.

पहिलं म्हणजे पगार मिळत नाही, मानधन नि कामागणिक मोबदला मिळतो. उदाहरण सांगते. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी आशा घरी येऊन बाळ बघते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, वजन करते, ताप बघते, दूध ओढतंय का ते बघते, आणि या सहाही फेऱ्यांचे मिळून केंद्र सरकारने ठरवलेले २५० रुपये. सासूबाईंना हा हिशोब जरूर सांगा.

आणि ही घरी जाऊन बाळ बघायची पद्धत कुठून आली माहितीये का, आपल्याच गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथे गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशांच्या कामात ते घेतलं गेलं. खुद्द आशा योजना २००५ ची, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली, साधारण हजार लोकसंख्येमागे एक, आणि ती त्याच गावची हवी हा नियम मुद्दाम ठेवलेला, कारण बाहेरून आलेल्या बाईला तुमच्या सासूबाई चहासुद्धा विचारणार नाहीत.

आता त्या फॉर्मचं. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो, त्यात धोक्याचे मार्क असतात, चाराच्या वर गेले की तुम्हाला तपासणीला आधी बोलवायचं असं ठरलेलं आहे. बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर, बायकांना स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर, या पाचांसाठी. मार्क कमी आले म्हणून तपासणी टाळायची असं मात्र नाही, तिशीनंतर सगळ्यांचीच व्हायला हवी. त्यामुळे तंबाखू खात असाल तर खाते म्हणून सांगा, लपवून तुमचाच नंबर मागे जाणार.

उपकेंद्राला कुलूप असतं. गोळ्या विचारल्या की ‘संपल्यात’. तुम्ही लिहिता ते कागदावर छान दिसतं.

पटतंय. याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. नर्सबाई फिरतीवर असतात, एका उपकेंद्राकडे पाच हजार लोक (डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजार) असा नियम आहे, त्यामुळे कधी कुलूप दिसणारच, पण रोज दिसत असेल तर ते चालवून घेऊ नका. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला वर्षाला १० हजारापर्यंत निर्बंध नसलेला निधी मिळतो, तो कुठे खर्च झाला हे ग्रामसभेत विचारता येतं. तिथे कधीच कोणी विचारत नाही हा वेगळा विषय. कोणत्या तारखेला गेलो, कोणती गोळी मिळाली नाही, एवढं वहीत लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. नुसतं ‘काहीच मिळत नाही’ म्हटलं की ते सहज झटकता येतं, तारीख आणि गोळीचं नाव असलं की झटकता येत नाही. आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख झाली, जनसुनवाया झाल्या, गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर असेच प्रश्न मांडले, म्हणजे हे काही माझ्या मनचं नाही.

वडील ७४ वर्षांचे, पेन्शन आहे, पिवळं रेशनकार्ड नाही. त्यांना काही मिळेल का?

मिळेल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आधार कार्ड लागतं, वयही त्यावरूनच धरतात, तेव्हा जन्मतारीख चुकली असेल तर ते आधी दुरुस्त करा. पेन्शन केंद्र सरकारची असेल आणि सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) असेल तर दोन्हीपैकी एक निवडावं लागतं.

मिस्टरांना तीन आठवडे झाले खोकला आहे. आशाताई थुंकी तपासा म्हणते. हे म्हणतात गावात बोभाटा होईल, त्यापेक्षा मेडिकलमधून कफ सिरप आणतो.

ताई, सिरप थांबवा. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबीची तपासणी करायचीच, असेलच असं नाही पण करायची. सरकारीत थुंकीची तपासणी आणि पूर्ण औषधं फुकट आहेत. टीबी निघालाच तर उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. बँकेचं पासबुक सोबत न्या म्हणजे नोंदणीला अडणार नाही.

बोभाट्याचं म्हणाल तर त्यांना असं सांगा की गावच्या उपकेंद्रातच थुंकीची डबी द्यायला पाहिजे असं नाही, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दुसऱ्या आरोग्य केंद्रातही देता येते. घरात लहान मूल असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी होते आणि लागलं तर मुलाला आधीच प्रतिबंधक औषध सुरू करतात. गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात बरं वाटायला लागतं आणि तिथेच पुरुषमंडळी गोळ्या सोडतात, तेव्हा साधा टीबी असला तरी किमान सहा महिने हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. डबी सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी भरायची, खोल खोकून, नुसती तोंडातली लाळ नको.