पोकेमॉन शोडाउनवर (पोकेमॉनच्या लढाया खेळायची वेबसाइट) सिंगल्स (एकास एक) जमतं, पण डबल्स (दोनास दोन) खेळायला गेलं की काही कळायच्या आत हरतो. हा फॉरमॅट शिकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की लातूरला क्लाससाठी रूम करून राहता, अभ्यास उरकला की मोबाइलवर शोडाउन खेळता. सिंगल्सच्या ओयू फॉरमॅटच्या लॅडरवर (रेटिंगसाठीच्या मॅच) चांगलं चाललंय, पण तीच टीम डबल्सच्या व्हीजीसी फॉरमॅटमध्ये नेली की धडाधड पोकेमॉन पडतात. मी परभणीचा. बरीच वर्षं डबल्सच जास्त खेळतो आणि माझ्या मामेभावाला हा फॉरमॅट अगदी पहिल्यापासून शिकवलाय, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. शोडाउनवर डबल्स ओयू वेगळं आणि व्हीजीसी वेगळं. डबल्स ओयूत सहाच्या सहा पोकेमॉन खेळतात, लेव्हल 100. व्हीजीसी हा कंपनीच्या अधिकृत स्पर्धांचा फॉरमॅट आहे. त्यात सहा दाखवायचे आणि चार निवडून उतरवायचे, सगळे लेव्हल 50चे, आणि एक आयटम टीममध्ये एकालाच. कोणते पोकेमॉन चालतील याचं रेग्युलेशन अधूनमधून बदलतं. तुम्ही व्हीजीसीबद्दल विचारलंय, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दलच.

टाइप चार्ट (कोणत्या प्रकारचा हल्ला कोणाला जास्त लागतो त्याचा तक्ता) तोच असतो, मूव्हही त्याच असतात. बदलते ती एका टर्नची किंमत, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. सिंगल्समध्ये मॅच लांब चालते. एक टर्न खर्चून स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्या पोकेमॉनला लागणारे दगड) टाकला तर पुढं समोरचा दहा वेळा पोकेमॉन बदलतो आणि तो खर्च वसूल होतो. व्हीजीसीत प्रत्येकाचे चारच पोकेमॉन, त्यातले दोन आधीच मैदानात. सात-आठ टर्नमध्ये निकाल लागतो. हळूहळू वसूल होणारी कुठलीही गोष्ट इथं वसूल व्हायच्या आधीच मॅच संपते. म्हणून स्टेल्थ रॉक, सावकाश सेटअप (स्वतःची ताकद वाढवत बसणं), बराच वेळ टिकून राहणारा बचाव हे सगळं कमी मोलाचं होतं. आणि सिंगल्समध्ये ज्यांचं फारसं काम पडत नाही त्या प्रोटेक्ट (त्या टर्नचे हल्ले अडवणारी), फेक आउट (समोरच्याला त्या टर्नला खेळू न देणारी), टेलविंड (आपल्या बाजूचा वेग दुप्पट करणारी), फॉलो मी या मूव्ह मोलाच्या होतात. त्या समोरच्याची एक टर्न खातात किंवा तुमची एक टर्न वाचवतात.

2014च्या जागतिक स्पर्धेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. वॉशिंग्टन डीसीला कोरियाच्या सेजुन पार्कनं पाचिरिसू घेऊन विजेतेपद मिळवलं. पाचिरिसू म्हणजे एवढीशी इलेक्ट्रिक खार, सिंगल्समध्ये तिला कोणी विचारत नाही. पण तिच्याकडं फॉलो मी होतं, म्हणजे समोरचे हल्ले ती स्वतःवर ओढून घ्यायची. वर व्होल्ट ॲब्झॉर्ब ही ॲबिलिटी (अंगभूत गुण), त्यामुळं इलेक्ट्रिक हल्ला आला तर उलट तिचा एचपी (जीव) भरायचा. शेजारी गॅराडोस, ज्याला इलेक्ट्रिक चौपट लागतं. गॅराडोस ज्याला भितो तेच पाचिरिसूचं जेवण. ‘हा पोकेमॉन चांगला का वाईट’ असा प्रश्न डबल्समध्ये विचारायचाच नसतो, ‘शेजारी कोण आहे’ हे विचारायचं असतं.

आता एक टर्न जवळून बघू. तुमच्याकडं व्हिम्सिकॉट आणि गार्चोम्प, समोर इन्सिनरोअर आणि हॅटरीन. सिंगल्सचा हात लगेच काय दाबतो? व्हिम्सिकॉटकडून टेलविंड, गार्चोम्पकडून अर्थक्वेक. दिसायला झकास. प्रत्यक्षात काय होतं बघा. इन्सिनरोअर मैदानात आल्याआल्या त्याच्या इंटिमिडेट या ॲबिलिटीनं तुमच्या दोघांचा अटॅक एक पायरी खाली गेलेला असतो, म्हणजे दोन तृतीयांश. अर्थक्वेक एकापेक्षा जास्त जणांना लागतो म्हणून त्याचं डॅमेज पाऊणपट होतं. दोन तृतीयांश गुणिले पाऊण, म्हणजे निम्मं. शिवाय तो तुमच्याच व्हिम्सिकॉटलाही लागतो. त्याआधी इन्सिनरोअरचं फेक आउट व्हिम्सिकॉटवर येतं. व्हिम्सिकॉटच्या प्रँक्स्टर या ॲबिलिटीमुळं टेलविंडची प्रायॉरिटी (वेग न बघता आधी खेळायचा मान) अधिक 1 होते, पण फेक आउटची अधिक 3, त्यामुळं टेलविंड लागतच नाही. निम्म्या ताकदीच्या अर्थक्वेकला हॅटरीन पुरून उरते आणि टर्नच्या शेवटी ट्रिक रूम लावते. आता जो हळू तो आधी खेळणार. टेलविंड लागलं असतं तरी ट्रिक रूममध्ये तुमचा वाढलेला वेग तुमच्याच अंगावर आला असता. टॉन्ट (हल्ल्याशिवायच्या मूव्ह बंद करणारी मूव्ह) मारून ट्रिक रूम अडवावी म्हणाल, तर हॅटरीनला मॅजिक बाउन्स ही ॲबिलिटी असेल तेव्हा टॉन्ट उलटून व्हिम्सिकॉटलाच बसतो.

याच जागी व्हिम्सिकॉटला प्रोटेक्ट आणि गार्चोम्पला अर्थक्वेक दिला तर चित्र बदलतं. प्रोटेक्टची प्रायॉरिटी फेक आउटच्याही वर. फेक आउट वाया जातं, आणि इन्सिनरोअर बाहेर जाऊन परत आल्याशिवाय ते पुन्हा वापरता येत नाही. आपलाच अर्थक्वेक आपल्या जोडीदाराला लागत नाही. ट्रिक रूम लागेल, पण ती लावलेली टर्न धरून पाचच टर्न असते. उरलेल्या चार मोजून काढायच्या. एका टर्नला गार्चोम्पचं प्रोटेक्ट, दुसऱ्या टर्नला बदली, असं करत समोरच्याची वेळ संपवायची. फक्त एकच पोकेमॉन लागोपाठ दोनदा प्रोटेक्ट करायला लावू नका, दुसऱ्यांदा ते लागायची शक्यता तीनात एक असते. आणि समोरच्यानं फेक आउट गार्चोम्पवरच मारलं तर? तर ही टर्न तुमची गेली. म्हणून समोरचा कोणाला जास्त भितोय हा अंदाज बांधणं हाच या फॉरमॅटचा खरा अभ्यास आहे.

तो अभ्यास कसा करायचा तेही सांगतो. स्वतःची टीम आत्ता बनवू नका. पोकेपेस्ट या साइटवर लोक स्पर्धेत खेळलेल्या टीम ठेवतात. चालू रेग्युलेशनची एक उचला, शोडाउनच्या टीमबिल्डरमध्ये इम्पोर्ट करा आणि महिनाभर तिच्यातलं काहीही बदलू नका. आकडे विचित्र वाटले तरी नाही. उदाहरणार्थ, इन्सिनरोअरला स्पीडमध्ये 36 ईव्ही (आकडे वाढवायला आपण वाटतो ते पॉइंट) दिसले तर ते उगाच टाकलेले नसतात. स्पीड न बदलणाऱ्या साध्या नेचरमध्ये (स्वभाव) ईव्ही न देता त्याचा स्पीड 80 असतो, टेलविंडमध्ये दुप्पट म्हणजे 160. पूर्ण वेगाच्या जॉली (स्पीड वाढवणारा नेचर) गार्चोम्पचा स्पीड 169. 36 ईव्ही दिले की 80चे 85 होतात, दुप्पट 170, आणि इन्सिनरोअर गार्चोम्पच्या फक्त एका अंकानं पुढं जातो. कोणीतरी हे गणित तुमच्यासाठी आधीच सोडवून ठेवलेलं असतं. तयार टीममधल्या अशा प्रत्येक आकड्यामागचं कारण शोधत बसलात, तर फॉरमॅटमध्ये कोण कोणाला घाबरतं हे पाठांतर न करता कळतं. जेईई-नीटची गणितं करणाऱ्याला यात गोडी लागल्याशिवाय राहणार नाही.

मामेभाऊ नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. आम्ही रात्री फोन चालू ठेवून खेळायचो. तो खेळायचा, मी वॉच करायचो, आणि एकच नियम होता. क्लिक करायच्या आधी त्यानं मोठ्यानं सांगायचं की समोरचे दोघं या टर्नला काय करतील. आपलं काय करायचं ते नंतर. सुरुवातीला तो म्हणायचा, ‘दादा, मला कसं कळणार?’ मी म्हणायचो, ‘चुकलं तर चुकू दे, पण बोल.’ बोलायची सवय लागली की टायमर पळत असतानाही नजर आपल्या बटणांवरून समोरच्या बाजूला जाते. शोडाउनवर पोकेमॉनवर बोट धरून ठेवलं की त्याच्या स्पीडची रेंज दिसते. कोण आधी, कोण नंतर, हा क्रम आधी लावायचा आणि मगच अंदाज सांगायचा. तुमच्याजवळ रूममेट असेल तर त्याला शेजारी बसवा. त्याला खेळ येत नसला तरी चालतं.

लॅडरच्या आकड्याची काळजी सोडा. शोडाउनवर रेटिंग 1000पासून सुरू होतं आणि त्याच्या खाली जातच नाही. हवं तर वेगळ्या नावानं खेळा म्हणजे ओयूतल्या ओळखीच्यांचं दडपण राहत नाही. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट जाते, वायफाय बंद पडतं, पण शोडाउनला डेटा फारच थोडा लागतो, मोबाइलच्या नेटवर मॅच पूर्ण होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साध्या लॅडरऐवजी व्हीजीसीच्याच बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन गेम जिंकायचे) लॅडरवर खेळा. नवख्यानं तिकडं जाऊ नये असं काही जण सांगतात, मला ते पटत नाही. तिथं ओपन टीम शीट असते, म्हणजे समोरच्याचे आयटम, ॲबिलिटी, चारही मूव्ह आणि टेरा टाइप (लढाईत बदलून घेता येणारा टाइप) मॅचच्या आधीच दिसतात. हॅटरीनला मॅजिक बाउन्स आहे का, हा प्रश्न मग अंदाजाचा राहत नाही, वाचून कळतं. आणि त्याच माणसाशी लगेच दुसरा गेम असतो. पहिला गेम हरलात तर दोन ओळी वहीत लिहा: त्यानं पहिले दोन कोणते उतरवले, आणि पहिल्या टर्नला प्रोटेक्ट कोणी केलं. दुसऱ्या गेमच्या टीम प्रीव्ह्यूत चार निवडताना फक्त त्या दोन ओळी बघा. बहुतेक जण जिंकलेली सुरुवात बदलत नाहीत, त्यामुळं त्या दोन ओळींवरून तुमचे पहिले दोन कोण हे ठरवता येतं.