अरबी कसीद्यात (लांब, एकाच यमकाच्या कवितेत) सगळ्या ओळी एकाच अक्षरावर संपतात, मग यमकापायी अर्थाची ओढाताण होत नाही का?

होते की. पण मराठीत झाली असती तेवढी नाही, कारण अरबीत शब्द साच्यातून निघतात. किताबचं अनेकवचन कुतुब, तसंच शिहाबचं (उल्का, तारा) शुहुब. शेवटचं सोडून बाकीची मूळ व्यंजनं बदला, साचा तोच ठेवा, यमक तयार.

मी मराठी गझलेच्या वाटेने अरबीकडे आलो, त्यामुळे काफिया, म्हणजे यमक, आपल्याला कळतो अशी समजूत होती. पण रदीफ, म्हणजे यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द, ही फारसीची भर. जुन्या कसीद्यात सगळा भार शेवटच्या व्यंजनावर, म्हणजे 'रवी'वर, आणि त्याला लागलेल्या स्वरावर. रवीवरून कवितेला नावही पडतं: शन्फराची 'लामिय्या' लकारान्त, बुहतुरीची 'सीनिय्या' सकारान्त.

खरी गंमत त्या स्वरात आहे, कारण बहुतेकदा तो विभक्तीचा असतो. कर्त्याला 'उ', षष्ठीला 'इ'. म्हणजे यमक जुळवायचं तर वाक्याची रचनाच तशी बसवावी लागते. इस्लामपूर्व काळातल्या नाबिगा जुब्यानीचा किस्सा सांगतात. त्याची कविता 'दि'वर चाललेली, आणि मध्येच एक ओळ आली: 'खब्बरनल् गुराबुल् अस्वदु', काळ्या कावळ्याने आम्हाला खबर दिली. कावळा कर्ता, म्हणून 'दु'. (आपल्याकडे कावळा पाहुणा आणतो, अरबांकडे ताटातूट.) यस्रिबच्या, म्हणजे आजच्या मदीनेच्या, लोकांना ते खटकलं, पण एवढ्या मोठ्या कवीला तोंडावर सांगणार कोण? त्यांनी एका गाणारणीला त्या ओळी शेवटचा स्वर लांबवून म्हणायला लावल्या. दीऽऽ, दीऽऽ आणि मग दूऽऽ! नाबिगा समजायचं ते समजला. त्याने ओळ फिरवली: 'तन्आबुल् गुराबिल् अस्वदि'. आता खबर देते ती काळ्या कावळ्याची कावकाव. कावळा षष्ठीत गेला आणि 'दि' मिळाला. मला तर दुसरी ओळच सरस वाटते, तिच्यात कावळा दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

आता नवव्या शतकातला कवी अबू तम्माम. 838 साली खलिफा मुअतसिमने बायझंटाइनांचं अमोरियम शहर घेतलं. ज्योतिषी म्हणत होते, आत्ता नगर पडायचं नाही. त्या विजयावरच्या त्याच्या कवितेचा आरंभ असा:

अस्सैफु अस्दकु अंबाअन् मिनल् कुतुबि
फी हद्दिहिल् हद्दु बैनल् जिद्दि वल्लइबि

पोथ्यांपेक्षा तलवारीची बातमी खरी. तिच्या धारेवरच खरं आणि खेळ यांची सीमा. पहिला 'हद्द' म्हणजे धार, दुसरा म्हणजे सीमा. मोरोपंतांच्या यमकांवर वाढलेल्या कानाला हे ओळखीचं वाटेल. पुढच्याच बैतात (दोन अर्ध्यांच्या ओळीत) 'सफाइह' (तलवारीची पाती) आणि 'सहाइफ' (पोथीची पानं) समोरासमोर येतात: स-फ-ह आणि स-ह-फ, दोन व्यंजनांची नुसती अदलाबदल. आणि तिसऱ्या बैताचं यमक? शुहुबि, इथे अर्थ ग्रह. पोथ्या आणि ग्रह, ज्योतिषाची दोन्ही हत्यारं, यमकाच्या जागी आणून कवीने तिथेच मोडीत काढली. इथे यमकाने अर्थ ओढलेला नाही, उभा केलाय.

ओढाताणच बघायची असेल तर कवी मअर्रीचा 'लुजूमिय्यात' हा संग्रह उघडा. त्याने एकाऐवजी दोन व्यंजनं जुळवायचं बंधन आपणहून घेतलं, तेही वर्णमालेतल्या एकूण एक अक्षरावर. अवघड अक्षरांपाशी पोहोचलात की कोशाशिवाय ओळ हलत नाही.