‘द पेडेस्ट्रियन’ या डिस्टोपियन (भविष्यातल्या बिघडलेल्या समाजाच्या) कथेतली उपमा-रूपकं शोधून झाली, आता त्यातून थीम कशी काढायची?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीच्या ‘द पेडेस्ट्रियन’वर लिहायचंय, उपमा, रूपक, प्रतिमा सगळ्याची यादी तयार आहे पण तिचं पुढे करायचं काय, आणि थीम म्हणून ‘तंत्रज्ञानाचे दुष्परिणाम’ लिहिलं तर चालेल का. चालेल हो, पण तेवढं लिहायला कथा वाचायची गरज नव्हती, असा शेरा मला माझ्याच निबंधावर मिळाला होता. तेव्हा जाम राग आला, पण शेरा बरोबर होता.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कथा १९५१ ची, घडते २०५३ च्या नोव्हेंबरात. लेनर्ड मीड रोज रात्री एकटाच पायी फिरायला निघतो, बाकी सगळं शहर घरात टीव्हीसमोर. दहा वर्षांत त्याला दुसरा चालणारा माणूस भेटलेला नाही. एका रात्री पोलिसांची गाडी त्याला अडवते, कुठे चाललाय, कशासाठी, घरात हवा नाही का, स्क्रीन नाही का असं विचारते आणि थेट ‘मागे घसरणाऱ्या प्रवृत्तीं’वर संशोधन करणाऱ्या मनोरुग्णांच्या केंद्रात घेऊन जाते. बस, एवढीच कथा.

आता यादी जरा बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या मागे जा. मी प्रकाश धरला. सुरुवातीला मीड थंड हवा आत घेतो तेव्हा त्याची फुफ्फुसं ख्रिसमस ट्रीसारखी उजळतात, आत थंड दिवे लागतात, विझतात. म्हणजे उजेड ह्याच्या छातीत आहे. घरांमध्ये काय आहे, तर काजव्याएवढी मिणमिण, आणि टीव्हीचा उजेड जो माणसांच्या चेहऱ्यांना लागतो पण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मग पोलिसांच्या गाडीचा झोत येतो आणि तिथे उपमा बघा कोणती आहे: म्युझियममध्ये छातीतून सुई टोचून लावलेला नमुना! छाती तीच, आधी उजेड आतून येत होता, आता बाहेरून येऊन आरपार गेलाय. दोन उपमा वेगवेगळ्या लिहिल्या तर दोन मार्क, एकमेकींसमोर ठेवल्या तर अख्खी कथा हातात येते.

आणि ही सुईवाली उपमा नेमकी कुठे येते तेही बघा. गाडी धंदा विचारते, तो म्हणतो लेखक म्हणा हवं तर, आणि गाडी स्वतःशीच बोलल्यासारखी नोंद करते की काही धंदा नाही. त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात सुई. पुस्तकं-मासिकं खपतच नाहीत त्या जगात लेखक म्हणजे काचेमागची वस्तूच, हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही, फक्त जागा निवडलीय. (अलंकार ओळखताना आपण ‘कोणता’ एवढंच विचारतो, ‘इथेच का’ विचारायचं राहून जातं.)

तसंच थडग्यांचं. सुरुवातीला रस्त्यावरून चालणं हे स्मशानातून चालण्यासारखं आहे, ही तुलना झाली. नंतर लेखक सरळ घरांनाच थडगी म्हणतो, तुलना गळून पडते. उपमेचं रूपक झालं! आणि ह्या शहरात जिवंत असलेला एकटा माणूस ‘मागे घसरलेला’ ठरतो. उपरोध म्हणतात तो हा.

थीमकडे येऊ. ह्या कथेत हुकूमशहा नाही हे तुमच्या लक्षात आलं का? चालायला बंदी घालणारा कायदासुद्धा कुठे वाचून दाखवलेला नाही. उलट गुन्हे एवढे कमी झालेत की २०५२ मध्ये पोलिसांच्या तीन गाड्यांची एक केली, शहर तीस लाखांचं असून. लोक आपणहून आत बसलेत. आणि मीड रात्री कडक टाचांचे बूट न घालता मऊ तळाचे स्नीकर्स घालतो, कारण आवाज झाला तर कुत्री भुंकतील, दिवे लागतील, चेहरे डोकावतील. अटक व्हायच्या कितीतरी आधीपासून तो पाय न वाजवता चालतोय. मला तर झोतापेक्षा हे स्नीकर्स जास्त भीतीदायक वाटतात. म्हणून मी थीम अशी मांडेन: सगळे एकसारखे झाले की साधं वेगळेपणही आजार ठरतं आणि त्यासाठी कुणाला दुष्ट असावं लागत नाही. टीव्ही हे त्याचं साधन, मुद्दा नव्हे.

ब्रॅडबरीला स्वतःला लॉस एंजेलिसमध्ये मित्राबरोबर रात्री पायी चालताना पोलिसाने हटकलं होतं, त्यातून कथा सुचली. एका ओळीत लिहा, पण त्यावर पान भरू नका.

शेवटाकडे मात्र वेळ द्या. गाडीत डोकावल्यावर कळतं की पुढच्या सीटवर कुणीच नाही, गाडीतही कुणी नाही. जाताना सगळे दिवे लावलेलं एकच घर दिसतं, पिवळं, उबदार, आणि तो म्हणतो हे माझं घर. उत्तर येत नाही. मग शेवटच्या वाक्यात ‘रिकामे’ हा शब्द तीनदा येतो, रस्त्यांसाठी, फुटपाथसाठी. गाडी रिकामी आहे हे तर आधीच कळून चुकलेलं असतं.