वेबसॉकेटचा क्लास वाढवायचा, पण कुठवर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेबसॉकेटवरून (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन) दर वेळी जेसन स्ट्रिंगिफाय करून (डेटाची स्ट्रिंग बनवून) पाठवायचा कंटाळा आलाय, तर वेबसॉकेटच्या प्रोटोटाइपवर (सगळ्या सॉकेटांच्या सामाईक साच्यावर) मेथड टाकावी, ‘सेंड’च बदलावा, की क्लास एक्स्टेंड करावा (त्यावरून स्वतःचा वाढीव क्लास बनवावा)? आणि रिकनेक्टही (तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडणं) त्यातच बसवावं का?

क्लास एक्स्टेंड करा भाऊ. प्रोटोटाइपला हात लावू नका, पानावरच्या सगळ्या लायब्रऱ्या तोच वापरतात. ‘सेंड’ही आहे तसा राहू द्या. त्यात स्ट्रिंगिफाय घुसवलं की साध्या स्ट्रिंगला जादा अवतरणचिन्हं चिकटतात आणि ब्लॉब (फाइलसारखा बायनरी डेटा) पाठवला तर पलीकडे नुसता रिकामा महिरपी कंस पोचतो, तोही एरर न देता. ‘सेंडजेसन’ नावाची वेगळी मेथड लिहा आणि तिच्यात आधी रेडीस्टेट (कनेक्शनची सध्याची अवस्था) १, म्हणजे उघडं, आहे का ते बघा. कनेक्शन जुळत असताना (स्टेट ०) सेंड केलं तर ब्राउझर निदान एक्सेप्शन (एरर) फेकतो. पण बंद होत असताना किंवा झाल्यावर (२ आणि ३) तुमचा डेटा गुपचूप टाकून देतो. ही एक तपासणी मला बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोलाची वाटते.

रिकनेक्ट मात्र या क्लासमध्ये नको. एक वेबसॉकेट ऑब्जेक्ट म्हणजे एकच कनेक्शन. ते बंद झालं की पुन्हा उघडत नाही, नवंच करावं लागतं. मग जुन्यावर लावलेले लिसनर (मेसेज आला, बंद झालं अशा घटनांवर चालणारी फंक्शन्स) जुन्यापाशीच राहतात. म्हणून वेगळा रॅपर (वरून गुंडाळणारा क्लास) लिहा, जो आत सॉकेट धरून ठेवेल आणि मेलं की बदलेल. बाहेरच्या कोडने लिसनर रॅपरवर लावायचे.

हे मी ठेच लागून शिकलो. इथे नागपुरात कळमना मार्केटमधल्या एका अडत्याला संत्र्याच्या लिलावाचे भाव मोबाइलवर दाखवणारं पान करून दिलं होतं. ऐन आंबिया बहारात (संत्र्याच्या एका हंगामात) सकाळीच त्यांचा फोन: “भाव हालूनच नाही राहिला भाऊ!” जाऊन बघितलं. ऑफिसच्या वायफायवरून शेडमध्ये गेले की फोन मोबाइल डेटावर यायचा, जुनं कनेक्शन मेलेलं असायचं, पण रेडीस्टेट १ आणि क्लोज इव्हेंटचा (कनेक्शन बंद झाल्याच्या सूचनेचा) पत्ता नाही. स्क्रीनवर हिरवा ठिपका, शेजारी शिळा भाव. त्या भावावर माणूस बोली लावणार होता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

वेबसॉकेटच्या प्रोटोकॉलमध्ये पिंग-पाँग, म्हणजे ‘जिवंत आहेस का’ आणि ‘आहे’ असे संदेश, आहे (त्याचं मानक आरएफसी ६४५५, २०११), पण ब्राउझरच्या जावास्क्रिप्टला ते हाताळता येत नाही. म्हणून स्वतःचा छोटा मेसेज दर २० सेकंदांनी पाठवा, ठराविक वेळात उत्तर नाही आलं तर ते सॉकेट सोडून द्या. क्लोज म्हणा, पण त्याच्या क्लोज इव्हेंटची वाट बघू नका. मेलेल्या कनेक्शनवर तो बराच उशिरा येऊ शकतो. त्याचे लिसनर काढा आणि नवं उघडा. दर अपयशानंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्या, त्यात थोडा रँडम भाग ठेवा, नाहीतर सर्व्हर उठला की सगळे फोन एकदम तुटून पडतात.

क्लोज करताना कोड १००० किंवा ३००० ते ४९९९ मधलाच चालतो. सोबत बंद करण्याचं कारणही देता येतं, पण ते मराठीत लिहिणार असाल तर जपून: मर्यादा १२३ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून ४१ चिन्हं. त्यापुढे गेलात तर क्लोजच एक्सेप्शन फेकतो.