वाचकांचे प्रश्न : देवापाशी बसायची वेळ

चातुर्मास जवळ आला की नित्यनेमाबद्दलची पत्रं वाढतात. या खेपेला बहुतेकांची अडचण एकच आहे : बसायची ओढ आहे, पण बसणं होत नाही. नामस्मरण आणि हरिपाठ करणाऱ्यांच्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. सकाळी डबे, मुलांची शाळा, मग माझी लोकल. रात्री सगळं आवरून जप करायला बसते तर पेंग येते. शांत बसायचं कधी आणि कुठे? — एक वाचक, डोंबिवली

रात्रीची वेळ सोडून द्या. दिवसभर राबलेलं शरीर डोळे मिटून बसलं की झोपणारच, त्यात तुमच्या भक्तीची काही उणीव नाही. सकाळी बसा, आणि गॅस पेटवायच्या आधी बसा. कुकर चढला की कान शिट्टीकडे लागतात, मग पुढचं सगळं नावापुरतं होतं. सध्या उठता त्याच्या २० मिनिटं आधी उठा आणि रात्री तेवढंच लवकर झोपा. पहिलं सगळे करतात, दुसरं कुणी करत नाही, म्हणून आठवड्यात नेम कोसळतो.

वीसातली पाच मिनिटं तोंड धुऊन आसन घालण्यात जातील. मग दोन मिनिटं नुसतं गप्प बसा, दहा मिनिटं नाम घ्या आणि उरलेल्या तीन मिनिटांत हरिपाठाचे चार अभंग म्हणा. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठात २७ अभंग आहेत, काही प्रतींत २८. रोज चार घेतले तर आठवड्यात पाठ पूर्ण होतो. संपूर्ण हरिपाठ एका बैठकीत म्हणायची रीत आहेच, पण त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तो सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी म्हणा. अंघोळीची अट पूजेला, नामाला नाही.

तयारी मात्र आदल्या रात्रीची. भाजी चिरलेली, डबे काढून ठेवलेले, मुलांचे गणवेश खुर्चीवर. नळाला पाणी किती वाजता येतं तेही बघा. साडेपाचला येत असेल तर सव्वापाचला बसून उपयोग नाही, मध्येच बादलीसाठी उठावं लागेल. पाच वाजता बसा, नाहीतर पाणी भरून झाल्यावर.

जागा देव्हाऱ्यासमोरच हवी असं नाही. घराकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसता येईल असा कोपरा पुरतो. घोंगडी किंवा सुती चादर चार पदरी घाला. आसन फार उंच नको, फार सखल नको, असं गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे. बसल्यावर शरीराने आपल्याकडे लक्ष ओढू नये, एवढंच पाहायचं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ मात्र खुर्चीला टेकवू नका. हे आसन दुसऱ्या कशालाही वापरू नका. घरात एकदा सांगून ठेवा की आई त्यावर बसलेली असताना हाक मारायची नाही. लहान मुलांना शब्दापेक्षा अंथरलेलं आसन लवकर कळतं.

हरिपाठ मोबाइलवर वाचतो. मध्येच मेसेज येतो आणि बोट तिकडे जातं. फोन बंद ठेवावा तर गावी आई आजारी आहे. — एक वाचक, पिंपरी

हरिपाठाची छापील पुस्तिका खिशात मावते आणि फार स्वस्त मिळते. ती आणा. मजकूर फोनवर आहे तोवर फोन हातातून सुटणार नाही. वेळ कळायला साधं गजराचं घड्याळ घ्या.

आईसाठी फोन चालू राहू द्या, पण विमान मोडवर नको. त्यात कुठलाच कॉल येत नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. त्याच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी करा. गावाकडचे दोन-तीन नंबर अपवाद म्हणून निवडा, आणि पुन्हा आलेल्या कॉलला परवानगी द्या. अँड्रॉइडवर त्याच माणसाने १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो, आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे. भावाला सांगून एकदा खरोखर फोन करून बघा. वाजतो की नाही ही शंका मनात राहिली तर अर्धं लक्ष तिकडेच राहील. मग फोन दुसऱ्या खोलीत, पालथा. शेजारी ठेवलेला गप्प फोनही हाताला बोलावतो.

जप सुरू केला की बिलं, फी, ऑफिस सगळं आठवतं. माळ संपते, नाम कुठे गेलं कळत नाही. — एक वाचक, कोल्हापूर

आधी वेग तपासा. ‘रामकृष्णहरी’ स्वच्छ म्हणायला साधारण दोन सेकंद लागतात, म्हणजे १०८ मण्यांना साडेतीन ते चार मिनिटं. तेरा अक्षरी ‘श्रीराम जय राम जय जय राम’ला सहा-सात. तुमची माळ याच्या निम्म्या वेळात संपत असेल तर अक्षरं गिळली जात आहेत, आणि मोकळं सुटलेलं मन भटकणारच. दोन नामांत श्वासाएवढी फट ठेवा.

जप तीन प्रकारचा : मोठ्याने म्हणायचा वाचिक, फक्त आपल्याला ऐकू येईल असा उपांशु आणि मनातला मानसिक. पुष्कळ जण थेट मानसिक जपापासून सुरुवात करतात आणि फसतात. तो सर्वांत अवघड आहे. निदान दोन-तीन महिने उपांशु करा, ओठ हलू द्या आणि आपलं नाम आपल्या कानांनी ऐका. मन पळालं तर आपण ऐकायचं थांबलो आहोत, हे पटकन लक्षात येतं.

लक्षात आलं की मागे जाऊन मणी मोजू नका, स्वतःवर चिडूही नका. पुढच्या मण्यापासून नाम घ्या. मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून परत आणावं, हे गीतेच्याच सहाव्या अध्यायातलं सांगणं आहे. मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे अशी तक्रार तिथे अर्जुनानेही केली आहे. तिला मिळालेलं उत्तर अभ्यास आणि वैराग्य असं आहे. दहा मिनिटांत वीसदा मन परत आणलंत, तर वीसदा अभ्यास झाला. ती बैठक वाया गेलेली नाही.

बिलं आणि फी यांच्यासाठी कागद-पेन्सिल जवळ ठेवा. ‘गॅस’ एवढा एकच शब्द लिहा आणि परत या. विसरण्याची भीती गेली की तो विचार पुन्हा पुन्हा दार ठोठावत नाही. दोनेक आठवड्यांत कागदाची गरज कमी होते.

माळही बघा. ती मधल्या बोटावर धरून अंगठ्याने ओढायची, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळ जिथे जोडलेली असते तिथला वेगळा मणी, आला की तो न ओलांडता माळ फिरवून उलट चालू करायची. मणी फार बारीक असले किंवा दोरा सैल होऊन दोन मणी एकदम सरकत असले, तर लक्ष मोजण्यातच अडकतं. दोन मण्यांत गाठ मारून सुती दोऱ्यात पुन्हा ओवून घ्या.

माळ खाली ठेवल्यावर लगेच उठू नका. एखादं मिनिट काही न म्हणता, काही न मागता बसा. हे मिनिट बहुतेक जण टाकून देतात, आणि आम्हांला वाटतं सगळ्या बैठकीचा गाभा तोच आहे.

गेल्या आषाढीला रोज ११ माळांचा नेम धरला. श्रावणापर्यंत टिकला नाही. आता पुन्हा धरायची भीती वाटते. — एक वाचक, परभणी

अकरा माळा म्हणजे रोज पाऊण तास. एकादशीच्या उत्साहात हा हिशोब कुणी करत नाही. या आषाढीला एकच माळ धरा. ती तापात, प्रवासात, लग्नघरातही होते. पुढे जमेल तितक्या माळा करा, पण त्या नेमात मोजू नका. महिनाभर एकही खाडा झाला नाही, तर दुसरी माळ नेमात घ्या. खाडा झालाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. थकबाकी साठली की देवापाशी बसणं कर्जफेडीसारखं वाटू लागतं आणि माणूस तिकडे फिरकेनासा होतो. हरिपाठाचा पहिलाच अभंग देवाच्या दारी क्षणभर उभं राहण्याचा आहे. माउलींनी क्षणच मागितला आहे, तेव्हा एका माळेची लाज बाळगू नका.

नर्स आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. ब्राह्ममुहूर्त साधत नाही. — एक वाचक, नाशिक

नाम घ्यायला काळवेळ नाही, असं हरिपाठातच आहे. तुम्ही घड्याळाऐवजी रोज ठरलेल्या एखाद्या कामाला बैठक जोडा : पाळी संपवून घरी आल्यावर अंघोळ, आणि अंघोळीनंतर जेवणाआधी दहा मिनिटं. जेवल्यावर डोळे मिटतील. दिवसा बसताना पडदा ओढून घ्या. समई लावायची असेल तर पंखा बंद करा, नाहीतर ज्योत सांभाळण्यातच वेळ जाईल. रात्रपाळीनंतर अगदीच त्राण नसेल त्या दिवशी अंथरुणावर बसून एक माळ करा आणि झोपा.